येलहंकाच्या वाटेवरचे चिनी पाहुणे

बंगळूरच्या विमानतळातून बाहेर पडणाऱ्या पाहुण्याला पहिले दर्शन घडते ते केम्पेगौडाचे. १०८ फूट उंचीचा, तलवारधारी कांस्य पुतळा २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे उभा राहिला. तो घडवला राम सुतार यांनी. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूर गावचा हा मराठी शिल्पकार! केम्पेगौडाने १५३७ मध्ये बंगळूर वसवले असे मानतात. पण त्याचे घराणे स्वतःला म्हणवून घेई ‘येलहंकाचे नाडप्रभू’. म्हणजे आज ज्याला आपण बंगळूरचे उपनगर समजतो, ते येलहंका खरे तर थोरले, आणि बंगळूर त्याचे धाकटे भावंड.

विमानतळावरून शहराकडे निघालेली टॅक्सी पंधरा किलोमीटरच्या आसपास धावली की हे येलहंका लागते. मराठी माणसाला या वाटेचे थोडे ममत्व वाटायला हरकत नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या फौजेबरोबर शहाजीराजे इकडे आले, केम्पेगौडाच्या वंशजाला माघार घ्यावी लागली आणि बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. ती गोष्ट पावणेचारशे वर्षांपूर्वीची. आजच्या येलहंकात रेल्वेचा चाक कारखाना आहे. १९८४ पासून तेथे आगगाडीची चाके आणि आस तयार होतात. हवाई दलाचा तळ आहे. १९९६ पासून दर दोन वर्षांनी तेथे ‘एरो इंडिया’चा सोहळा भरतो आणि त्या आठवड्यात उत्तर बंगळुरात हॉटेलची खोली मिळणे मुश्कील होते. गंमत अशी की चीनने झुहाई येथे आपला विमानमेळा सुरू केला तोही १९९६ मध्येच. दोन शेजाऱ्यांनी एकाच वर्षी आकाशाकडे बोट दाखवले म्हणायचे!

नोकरीनिमित्त बंगळुरात आलेली मराठी कुटुंबे या भागातही सापडतात. त्यांच्या कानावर गेल्या काही वर्षांत एक नवी भाषा पडू लागली आहे. ती कन्नड नव्हे, तमीळ नव्हे, हिंदीही नव्हे. हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात गरम पाण्याची झाकणबंद बाटली आणि मोबाइलमधल्या दुभाष्याशी अखंड बोलणे, अशा थाटात हा पाहुणा येतो. त्याला म्हैसूरचा राजवाडा पाहायचा नसतो आणि नंदी हिल्सवर सूर्योदयही पाहायचा नसतो. तो येतो कामासाठी. काम संपले की जातो. पण त्याचे येणे आणि न येणे यावर या परिसरातल्या हजारो घरांची चूल अवलंबून असते, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात येत नाही.

तीनशे माणसे परत गेली

येलहंकाच्या उत्तरेला, देवनहळ्ळी आणि दोड्डबळ्ळापूर यांच्या मधल्या माळरानावर, तैवानच्या फॉक्सकॉन या कंपनीने २०२३ मध्ये सुमारे ३०० एकर जमीन घेतली. देवनहळ्ळी हे टिपू सुलतानाचे जन्मगाव. द्राक्षे आणि चकोतरा यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या पट्ट्यात आता आयफोन तयार होतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये येथे आयफोनच्या १७ व्या मालिकेचे उत्पादन सुरू झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस वर्तमानपत्रांत आलेल्या आकड्यांप्रमाणे येथील कामगारांची संख्या तीस हजारांच्या घरात पोहोचली होती आणि त्यांत बहुसंख्य मुली होत्या. विशीच्या आसपासच्या, बहुतेकींची ही पहिलीच नोकरी, आणि अनेकींनी घर सोडून वसतिगृहात राहण्याचीही पहिलीच वेळ.

पण उत्पादन सुरू होण्याच्या ऐन तोंडावर, जुलै २०२५ मध्ये, एक बातमी आली. फॉक्सकॉनने आपल्या भारतातल्या आयफोन कारखान्यांमधून तीनशेहून अधिक चिनी अभियंते आणि तंत्रज्ञ मायदेशी परत बोलावले. कारण कंपनीने सांगितले नाही. मात्र चिनी अधिकाऱ्यांना आपले तंत्र आणि आपली कुशल माणसे भारत, व्हिएतनामसारख्या देशांत जाऊ द्यायची नाहीत, अशी चर्चा त्याआधी काही महिने चालूच होती. मागे राहिले ते तैवानी तंत्रज्ञ आणि भारतीय अभियंते. त्यांनी काम पुढे रेटले, आणि ऑगस्टमध्ये उत्पादन सुरू झाले.

एवढ्या मोठ्या कारखान्याला बाहेरची तीनशे माणसे लागतात कशाला, असे कुणी विचारील. घरी नवी पिठाची गिरणी आणली, तर दुकानदाराचा माणूस येऊन ती बसवून देतो, जाते किती घट्ट ठेवायचे ते दाखवतो, पहिले चार किलो गहू स्वतः दळून देतो आणि मगच जातो. माहितीचे पुस्तक डब्यात असतेच. पण त्या पुस्तकावर विसंबून कुणी पहिल्या दिवशी दिवाळीच्या भाजणीला हात घालीत नाही. कारखान्याचेही तेच. मोबाइलच्या जुळणीची यंत्रे मुख्यत्वे चीनमध्ये बनलेली. त्यांच्या पट्ट्यांवरच्या सूचना चिनी लिपीत. यंत्र कुठल्या आवाजाने कुरकुरू लागले की काय बिघडले आहे, हे ज्ञान तर कुठल्याच पुस्तकात नसते. ते झेंगझोऊच्या किंवा शेन्झेनच्या कारखान्यात पंधरा वर्षे उभे राहिलेल्या माणसाच्या बोटांत असते. असा माणूस सहा महिन्यांसाठी येतो, शेजारी उभ्या असलेल्या कन्नड मुलीला खुणांनी आणि मोबाइलवरच्या भाषांतराने शिकवतो. ती दुसरीला शिकवते. व्यावसायिक प्रवास म्हणतात तो हाच. सूटबूट घालून करार करणारे साहेब त्यात थोडे. स्क्रू कसा पिळायचा ते दाखवणारे जास्त.

रूळ तयार, गाडी नाही

ही अडचण एकट्या फॉक्सकॉनची नाही. बंगळूरच्या दुसऱ्या टोकाला मेट्रोच्या पिवळ्या मार्गाची कथा याहून लांबलेली आहे. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हा १९ किलोमीटरचा मार्ग इलेक्ट्रॉनिक सिटीतून जातो. तेथे नोकरी करणाऱ्यांत मराठी मुलामुलींची संख्या काही कमी नाही. या मार्गाच्या डब्यांचे कंत्राट २०१९ च्या अखेरीस चीनच्या सीआरआरसी या सरकारी कंपनीला मिळाले. इतर मार्गांचे धरून डबे होते २१६. काही महिन्यांतच कोविड आला, मग जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात वीस भारतीय जवानांना वीरमरण आले, आणि दोन देशांमधले सारे व्यवहारच गोठले. भारतात कारखाना काढण्याची अट चिनी कंपनीला पुरी करता येईना. अखेर कोलकात्याजवळच्या टिटागढच्या भारतीय कंपनीशी तिने हातमिळवणी केली. पहिली गाडी चीनमध्येच बनून फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगळूरला पोहोचली. पण गाडी आली तरी ती तपासून देणारे, टिटागढमध्ये जुळणी शिकवणारे चिनी अभियंते यायला हवेत. आणि त्यांचे व्हिसा महिनोन्‌महिने अडकले. पूल बांधून तयार, स्थानके रंगवून तयार, रूळ अंथरलेले, आणि खाली सिल्क बोर्डच्या चौकात लोक घामाघूम होऊन तासन्‌तास वाहनकोंडीत! १० ऑगस्ट २०२५ रोजी मार्ग सुरू झाला तेव्हा हाताशी गाड्या होत्या तीन आणि दोन गाड्यांमधले अंतर होते २५ मिनिटे.

व्हिसा अडवणाऱ्यांची चूकच होती, असेही म्हणता येत नाही. सीमेवर सैन्य समोरासमोर उभे असताना शेजाऱ्याच्या माणसांना मोकळे रान कोण देईल? पण धोरणाची किंमत कोणी तरी मोजतो, आणि ती नेहमी दिल्लीतला अधिकारी मोजत नाही, हेही तितकेच खरे. भारतातल्या मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने २०२४ मध्ये असा दावा केला, की चिनी तंत्रज्ञांच्या व्हिसाला होणाऱ्या विलंबामुळे आणि एकंदर तणावामुळे चार वर्षांत १५ अब्ज डॉलरचे उत्पादन हातचे गेले. उद्योजकांचे आकडे थोडे फुगलेले असतात हे गृहीत धरले, तरी उरते ते काही लहान नाही.

आपल्या नागपूरचे नशीब त्या मानाने बरे. नागपूर मेट्रोचे डबेही सीआरआरसीनेच दालियन शहरात बनवले. पण ते कंत्राट २०१६ चे. तणावाच्या आधीच गाड्या आल्या, तंत्रज्ञ आले आणि मार्च २०१९ मध्ये नागपूरकर मेट्रोत बसलेदेखील. पुण्याजवळ रांजणगावला हायर आणि चाकणला सॅनी या चिनी कंपन्यांचे कारखाने आहेत, तेही गलवानच्या पुष्कळ आधीचे. याउलट ग्रेट वॉल मोटर्स या मोटार कंपनीचा तळेगावचा बेत. जून २०२० मध्ये, गलवानच्या त्याच दिवसांत, महाराष्ट्र सरकारबरोबर करार झाला, दोन वर्षे परवानगीची वाट पाहण्यात गेली आणि २०२२ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला.

येलहंकावरून विमानतळाकडे जाणाऱ्या निळ्या मेट्रोचे खांब आता रस्त्याकडेने उभे राहत आहेत. त्या मार्गाचे डबे मात्र बंगळूरचीच बीईएमएल ही कंपनी करणार आहे.

पारपत्र मिळणे हीच मोठी गोष्ट

हा चिनी प्रवासी आला तरी कुठून? कारण फार जुनी गोष्ट नाही, चाळीस वर्षांपूर्वी सामान्य चिनी माणसाला देशाबाहेर पाऊल टाकणे जवळजवळ अशक्य होते. पारपत्र हवे तर आधी ज्या कारखान्यात वा कचेरीत नोकरी, तिची परवानगी. ती मिळाली तर पोलिसांची. परदेशी जाणारे म्हणजे सरकारी शिष्टमंडळे, खेळाडू आणि निवडक विद्यार्थी. १९८३ मध्ये पहिली फट उघडली: नातेवाइकांना भेटायला हाँगकाँगला जाण्याची मुभा. १९९० मध्ये सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड. तेही तिथल्या नातेवाइकाने खर्च उचलला तर. स्वतःच्या पैशाने सहलीला जाण्याचे नियम सरकारने केले ते १९९७ मध्ये. १९९५ पासून आठवड्याला दोन सुट्या मिळू लागल्या, आणि १९९९ पासून ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाला जोडून सलग आठवड्याची सुटी आली. हातात पैसा, कॅलेंडरात सुटी आणि खिशात पारपत्र, या तिन्ही गोष्टी एकदम जुळून आल्या आणि धरण फुटावे तशी माणसे बाहेर पडली.

सरकारने तरी दार सताड उघडले नव्हते. कुठल्या देशात सहलीचे गट न्यायचे याची यादी पेइचिंगमध्ये ठरे. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड, २००४ मध्ये युरोपातले बरेचसे देश, २००८ मध्ये अमेरिका, अशी ती यादी वाढत गेली. २००० साली वर्षाकाठी सुमारे एक कोटी चिनी माणसे सीमेबाहेर गेली होती. चीनमधून २०२० पर्यंत दहा कोटी प्रवासी बाहेर पडतील, असे भाकीत जागतिक पर्यटन संघटनेने नव्वदीच्या दशकात केले, तेव्हा अनेकांनी ते हसण्यावारी नेले. तो आकडा २०१४ मध्येच ओलांडला गेला. २०१२ पासून परदेश प्रवासावर जगात सर्वांत जास्त पैसा खर्च करणारा देश म्हणून चीनचे नाव लागले. त्याने जर्मनी आणि अमेरिका या दोघांनाही मागे टाकले. २०१९ मध्ये तर साडेपंधरा कोटी फेऱ्या झाल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक शेजारच्या हाँगकाँग, मकाऊच्या, हे खरे. पण उरलेल्याही काही थोड्याथोडक्या नव्हेत.

पाहुणा वाढला की यजमान त्याच्या आवडीनिवडी शिकतो. हिल्टनसारख्या हॉटेलांनी २०११ मध्ये चिनी पाहुण्यांसाठी खास व्यवस्था सुरू केली. खोलीत पाणी उकळण्याची किटली, पायात घालायला सपाता, टीव्हीवर चिनी वाहिनी आणि सकाळच्या न्याहारीला तांदळाची पेज. होय, आपल्या कोकणात खातात तशीच पेज! सोबत लोणचे. बर्फाचे पाणी चिनी माणसाला वर्ज्य. जेवताना, प्रवासात, आजारपणात त्याला गरमच पाणी हवे. त्यांच्या भाषेत ‘चार’ या शब्दाचा उच्चार ‘मृत्यू’शी मिळताजुळता, म्हणून चौथ्या मजल्यावरची खोली नको. ‘आठ’ मात्र भरभराटीचा, त्यासाठी जादा पैसे मोजायचीही तयारी. १३ क्रमांकाची खोली टाळणाऱ्या युरोपीय हॉटेलांना हे समजायला फारसे जड गेले नसावे.

मोठमोठ्या कंपन्या आपल्या विक्रेत्यांना बक्षीस म्हणून परदेशी नेतात, हा तर प्रवासधंद्याचा एक वेगळाच विभाग झाला. मे २०१५ मध्ये टियेन्स या चिनी कंपनीच्या मालकाने ६,४०० कर्मचाऱ्यांना फ्रान्सची सहल घडवली. पॅरिसमध्ये त्यांच्यासाठी १४० हॉटेलांत खोल्या घ्याव्या लागल्या. नीसच्या समुद्रकिनाऱ्यावर या सर्वांनी मिळून एक वाक्य उभे केले. माणसांचे अक्षर, माणसांचे शब्द! आपल्याकडे एखाद्या लग्नाला दोन बसगाड्या भरून वऱ्हाड निघाले तरी वधूपित्याच्या पोटात गोळा येतो. येथे तर सहा हजारांचे वऱ्हाड.

नव्या प्रवाशाची चेष्टाही भरपूर झाली. मोठ्याने बोलतात, रांग मोडतात, जेवणाच्या टेबलावर वाटीभर लागेल तिथे ताटभर वाढून घेतात. मे २०१३ मध्ये इजिप्तमधल्या लक्सरच्या साडेतीन हजार वर्षांच्या जुन्या देवळात एका चिनी शाळकरी मुलाने आपले नाव कोरलेले आढळले. चीनमध्येच एवढा गदारोळ झाला की मुलाच्या आईवडिलांना जाहीर माफी मागावी लागली. त्याच वर्षी सरकारने नवा पर्यटन कायदा आणला आणि प्रवाशांसाठी ६४ पानी पुस्तिका काढली. तिच्यात पोहण्याच्या तलावात काय करू नये इथपासून सूचना होत्या. आपल्या किल्ल्यांच्या तटबंदीवर आणि लेण्यांच्या भिंतींवर बाणाने छेदलेली बदामे आणि त्यांत दोन नावे पाहिलेल्या कुणालाही त्या मुलाला फार हसण्याचा अधिकार नाही.

आणि मराठी सहलीच तरी काय वेगळ्या होत्या? स्वित्झर्लंडच्या बर्फात पुरणपोळी, लंडनच्या बसमध्ये अंताक्षरी, बॅगेत चकली-चिवड्याचे डबे आणि पुढे झेंडा घेतलेला टूर मॅनेजर. चिनी गटाच्या पुढेही झेंडा असतो आणि बॅगेत पाकीटबंद नूडल्स. १९६४ मध्ये जपानने आपल्या लोकांना परदेशी सहलीची मुभा दिली तेव्हा गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या जपानी माणसावर अशीच व्यंगचित्रे निघत. पहिली पिढी झेंड्यामागून चालते, तिची मुले एकेकटी हिंडतात. चीनमध्ये ती मुले आता मोठी झाली आहेत. भारतातूनही २०१९ मध्ये पावणेतीन कोटींच्या आसपास प्रस्थाने झाली होती आणि २०२४ मध्ये हा आकडा तीन कोटींपलीकडे गेला.

बुद्धाच्या देशाला वाट वाकडी

मग साडेपंधरा कोटींतले आपल्या दाराशी किती आले? २०१९ मध्ये भारतात आलेले चिनी प्रवासी होते सुमारे ३ लाख ३९ हजार. त्याच वर्षी थायलंडमध्ये गेले जवळजवळ एक कोटी दहा लाख. म्हणजे साऱ्या जगातून मिळून जितके परदेशी पाहुणे भारतात आले, तितके थायलंडला एकट्या चीनने पाठवले! २०१२ मध्ये थायलंडमध्ये चित्रित झालेला एक विनोदी चित्रपट चीनमध्ये तुफान चालला आणि त्यातली ठिकाणे पाहायला झुंबड उडाली, हेही त्यामागचे एक कारण. तसे भारतालाही चित्रपटाने हात दिला होता. राज कपूरच्या ‘आवारा’ची गाणी चिनी आजोबांना तोंडपाठ, आणि २०१७ मध्ये आमिर खानच्या ‘दंगल’ने भारतापेक्षा चीनमध्ये जास्त कमाई केली. पण पडद्यावरचे प्रेम विमानाच्या तिकिटापर्यंत पोहोचले नाही. थेट विमाने मोजकी, चिनी बोलणारे वाटाडे थोडे, व्हिसाचे सोपस्कार अवघड. २००२ मध्ये चायना ईस्टर्नने दिल्लीला विमान सुरू केले तेव्हा कुठे दोन्ही देश थेट जोडले गेले. २०१५ मध्ये पेइचिंगच्या दौऱ्यात पंतप्रधान मोदींनी चिनी पर्यटकांना ई-व्हिसा जाहीर केला, त्यानंतर आकडा हळूहळू चढू लागला होता.

वास्तविक या बाबतीत महाराष्ट्राचे चीनशी नाते फार जुने म्हणावे लागेल. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात भेटलेला ह्युएनत्संग आठवतो? इसवी सन ६२९ मध्ये तो निघाला तेव्हा चीनमधून बाहेर जायला सम्राटाची मनाई होती. परवानगी नाकारली गेली, तर हा पठ्ठ्या रात्री चालून, दिवसा लपून सीमापार झाला. बिनपरवान्याचा प्रवासीच म्हणायचा तो! पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्या महाराष्ट्रात, तो आला. येथली माणसे उंच, सरळ, मानी. उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत आणि अपमान करणाऱ्याला सोडत नाहीत. सूड घ्यायचा तरी शत्रूला आधी कळवून घेतात, असे त्याने लिहून ठेवले. लढाईपूर्वी हत्तींना दारू पाजतात आणि हरून आलेल्या सरदाराला बायकी कपडे देतात, हेही टिपले. पूर्वेच्या डोंगरात खोदलेला एक विहार आणि त्याच्या दाराशी दगडाचे हत्ती, हे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचे, असे विद्वान मानतात. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन परतला. ज्याचा हुकूम मोडून तो गेला होता, त्याच सम्राटाने त्याचे स्वागत केले.

दुसरे नाते सोलापूरचे. १९३८ मध्ये मुंबईहून पाच भारतीय डॉक्टरांचे पथक जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे २७ वर्षांचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, चीनच्या मातीतच त्यांनी देह ठेवला. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला. चीनचा कुणी बडा नेता मुंबईला आला की कोटणीस कुटुंबाला भेटतोच. २००६ मध्ये हू जिंताव भेटले, २०१३ मध्ये ली खछ्यांग. सोलापुरातल्या त्यांच्या जन्मघराचे २०१२ पासून स्मारक झाले आहे. जो चिनी माणूस ताजमहाल पाहत नाही, तो वाट वाकडी करून सोलापूरला जातो, ही गोष्ट सोलापूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

पुन्हा उघडलेली दारे

२०२० च्या आरंभी कोविडमुळे थेट विमाने थांबली आणि पाच वर्षांहून अधिक काळ सुरू झाली नाहीत. चीनने स्वतःच्या सीमा तीन वर्षे बंद ठेवल्या; त्या ८ जानेवारी २०२३ रोजी उघडल्या. भारताने चिनी नागरिकांचे पर्यटन व्हिसा थांबवले होते, ते २४ जुलै २०२५ पासून पुन्हा द्यायला सुरुवात केली. त्याच उन्हाळ्यात कैलास-मानसरोवरची यात्रा पुन्हा निघाली. २६ ऑक्टोबर २०२५ च्या रात्री कोलकात्याहून इंडिगोचे विमान क्वांगचौला रवाना झाले आणि नोव्हेंबरात शांघाय-दिल्ली वाहतूकही सुरू झाली. मधल्या वर्षांत बंगळूरच्या अभियंत्याला शेन्झेनला जायचे, तर हाँगकाँग, सिंगापूर किंवा बँकॉकला विमान बदलावे लागे. दोन शेजारी, पण भेटायचे तिसऱ्याच्या ओसरीवर!

बंगळूरला या देवघेवीची सवय तशी जुनीच. हुआवेने आपले संशोधन केंद्र येथे काढले ते १९९९ मध्ये. २००२ मध्ये पंतप्रधान चू रोंगजी आणि २००५ मध्ये वेन जियाबाव यांनी या शहराला भेट दिली. २००५ ची फेरी तर बंगळूरपासूनच सुरू झाली होती. संगणकाची यंत्रे चीनने करावी आणि आज्ञावली भारताने लिहावी, अशी त्या काळची भाषा होती. पुढे भारताला यंत्रेही करावीशी वाटू लागली. चीनला ती शिकवावीशी वाटेनात. भांडणाचे मूळ तेथेच आहे.

देवनहळ्ळीच्या कारखान्यात शिकवणारे पाहुणे वर्षातून एकदा तरी हटकून घरी जातात. चिनी नववर्षाला (२०२६ मध्ये ते १७ फेब्रुवारीला आले) चीनमध्ये जगातले सर्वांत मोठे घरपरतीचे स्थलांतर होते. आपल्याकडे गणपतीला कोकणची एसटी भरते, त्याच्या हजारपट कल्पना करावी. ज्या कारखान्यांत चिनी यंत्रे आहेत, तेथील व्यवस्थापक यंत्रांच्या दुरुस्तीचे वेळापत्रक ही सुटी पाहूनच आखतात. माणूस गेला की मोठा बिघाड निस्तरायला दोन आठवडे कुणी नाही. पण २०२५ च्या जुलैमध्ये तीनशे माणसे एकदम गेली, ती काही सुटीवर गेलेली नव्हती. आणि तरीही ऑगस्टमध्ये पट्टा फिरला. पाळी संपल्यावर वसतिगृहाच्या बसमध्ये चढणाऱ्या मुलींपैकी कितीतरी जणींना आता ‘बरोबर’, ‘चूक’, ‘हळू’ आणि ‘पुन्हा एकदा’ एवढे चार शब्द चिनी भाषेत येत असतील.